सून नांदते का?

आमच्या घराचे मालक अजूनही आजोबा आहेत. ते वारले १९९४ साली. महापालिकेची टॅक्सची पावती त्यांच्याच नावानं येते आणि लाईटबिल येतं वडिलांच्या नावानं. वडीलही जाऊन आठ वर्षं झाली होती. पावती येते, दादा भरतो, कुणाचं काही अडत नाही. अडलं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. माझी होणारी बायको फिलिपिन्सचा पासपोर्ट घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि सरकारनं विचारलं, ही राहते कुठं, त्याचा पुरावा द्या.

आम्ही दोघं दुबईत एकाच सुपरमार्केटमध्ये होतो. मी अकाउंट्सला, ही कॅश काउंटरला. ही फिलिपिन्समधल्या इलोइलोची. तिकडंच कुठं लग्न उरकून आलो असतो तर निम्मी कागदं वाचली असती, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. पण आईचं म्हणणं एकच, लग्न सोलापुरात. एका एजंटानं 'सगळं मिळून पंचवीस हजार' असा भाव सांगितला. म्हटलं, आयुष्यभर हिशोब तपासत आलोय, चार फॉर्म भरायला माणूस कशाला लावू? ही बढाई पुढं चार-पाच वेळा घशात आली.

पहिलं काम ही आली त्याच रात्री. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत त्याची खबर सरकारला द्यायची, त्यासाठी तेव्हा फॉर्म सी भरावा लागायचा. मला वाटायचं ते हॉटेलवाल्यांचं काम. तसं नाही, खाजगी घरालाही लागू आहे. आधी घराची नोंद करायची, लॉगिन घ्यायचं, मग पाहुण्याचा पासपोर्ट, व्हिसा, कुठून आली, कुठं जाणार. दादा मागं उभा राहून बघत होता. म्हणाला, "झालं, आपल्या घराचा लॉज केलास बघ." वहिनी आतून ओरडली, "मग भांडी घासायला माणूस पण ठेवा!" रात्री साडेअकराला फॉर्म गेला. ही तोवर आईच्या शेजारी गाढ झोपली होती.

लग्न विशेष विवाह कायद्यानं, म्हणजे १९५४ च्या. त्यात दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस सलग राहिलेलं असावं लागतं. म्हणून मी सप्टेंबरातच नोकरी सोडून आलो होतो. मग नोटीस द्यायची, ती कार्यालयात फळ्यावर लागते, तीस दिवस कुणाची हरकत येते का बघतात. आली नाही तर नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. तीन महिने टळले की नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून.

त्यात हिचा टुरिस्ट व्हिसा, आणि त्यावर एका वेळी राहायची मुभा नव्वद दिवसांची. तीस दिवस नोटिशीचे वजा करा. मी कॅलेंडरवर लाल पेनानं खुणा केल्या होत्या. आईला वाटलं एकादश्या.

नोटिशीबरोबर हिचं लग्न आधी झालेलं नाही याचा पुरावा हवा. फिलिपिन्समध्ये यासाठी सरकारी दाखला मिळतो, त्याला सगळे 'सेनोमार' म्हणतात. अमुक बाईच्या नावावर आमच्या दप्तरात लग्नाची नोंद नाही, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी परदेशात चालण्यासाठी अशा कागदांना तिकडं लाल फीत लावून मिळायची, हिच्या मोठ्या बहिणीच्या वेळी तशीच होती. हिच्या नशिबानं मे २०१९ पासून फिलिपिन्समध्ये अपॉस्टिल, म्हणजे एका आंतरराष्ट्रीय करारातला शिक्का, सुरू झालं. आपल्याकडं ते २००५ पासूनच आहे. दोन्ही देश त्या करारात असले की एकाचा शिक्का दुसऱ्यानं मानायचा, वकिलातीत वेगळी साक्षांकनाची वारी नाही. हिची आई इलोइलोहून कागद पाठवणार होती. तिनं ते वाळवलेल्या आंब्यांच्या पाकिटांत घालून पाठवले. अपॉस्टिलला आंब्याचा वास होता, आणि तो शेवटपर्यंत गेला नाही.

तेवढ्यानं भागलं नाही. 'ही लग्न करायला मोकळी आहे' असं त्यांच्या वकिलातीचंही पत्र हवं, आणि वकिलात दिल्लीला. कर्नाटक एक्स्प्रेसनं गेलो, स्लीपर. वकिलातही आपल्यासारखीच नोटीस लावते, दहा दिवसांची. म्हणजे एक फळा दिल्लीत, एक सोलापुरात, आणि दोन्हीवर आमची नावं. हिनं दिल्लीतल्या फळ्याचा फोटो काढून घरी पाठवला. मी सोलापूरच्या फळ्याचा काढला, तर काचेत माझंच तोंड आलं.

आता नावाचं. फिलिपिनो माणसाच्या नावात मधलं नाव असतं ते आईचं माहेरचं आडनाव. खरी नावं इथं देत नाही, पण समजा बापाचं आडनाव क्रूझ आणि आई माहेरची रेयेस, तर मुलीचं नाव अमुक रेयेस क्रूझ. आपल्याकडं मधे बाप असतो, लग्नानंतर नवरा. आता 'पूर्ण नाव' हा रकाना ज्यानं केला त्याच्या डोक्यात नाव, बाप, आडनाव अशीच गाडी असणार. टेबलामागच्या भाऊसाहेबांनी पासपोर्ट उलटासुलटा करून बघितला.

"मालक, हे रेयेस म्हणजे वडील का?"

"नाही साहेब. आईचं माहेर."

"आईचं माहेर मुलीच्या नावात कशाला?"

मी समजावलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि म्हणाले, "बरोबर आहे, पण वडिलांचं नाव कुठं लिहायचं?" वडिलांसाठी वेगळा रकाना खाली होता, पण त्यांना ते मधेच हवे होते. मला वाटलं कुठं वाद घालायचा. एका अर्जात मी हिच्या नावामागं वडिलांचं नाव टाकलं. त्याआधी ई-व्हिसा भरताना घाईत मधलं नाव गाळलं होतं. आणि वकिलातीच्या पत्रात नाव होतं पासपोर्टासारखं, पूर्ण. अशा रीतीनं, कुणाचा दोष नाही, माझ्याच हातानं मी एका बाईच्या तीन बायका केल्या.

हिला हे सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्यात आईचं नाव मधे असतं म्हणून मुलगी आईला विसरत नाही." आमच्यात बापाला विसरत नाहीत. मग नवऱ्याला विसरायची सोय नसते. माझ्या आईच्या नावात तिच्या आईचा पत्ताच नाही, हे माझ्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा लक्षात आलं.

लग्न झालं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, तीन साक्षीदार, दोन हार, आणि वहिनीनं आणलेले पेढे. साक्षीदारांत एक दादा, एक माझा शाळेतला मित्र आणि तिसऱ्या शेजारच्या मावशी. त्या पद्मशाली, घरात तेलुगू बोलतात, सही मराठीत करतात. बाहेर गड्ड्याच्या जत्रेची तयारी चालू होती, पाळणे उभे राहत होते. आमच्या गावात सिद्धेश्वराच्या यात्रेत योगदंडाचं लग्न लागतं, संमती कट्ट्यावर हजारो लोक अक्षता टाकतात. त्या लग्नाला कागद लागत नाही. हिला गर्दीत घेऊन गेलो, तिनंही मूठभर अक्षता टाकल्या आणि विचारलं, "यांना सर्टिफिकेट कोण देतं?"

सर्टिफिकेट मिळालं आणि खरी परीक्षा सुरू झाली. टुरिस्ट व्हिसाचा एंट्री व्हिसा करायचा. भारतीय माणसाच्या परदेशी बायकोला किंवा नवऱ्याला मिळतो तो एक्स-२. परदेशी माणसानं इथं असतानाच, व्हिसाची मुदत असेतो, भारतीयाशी लग्न केलं तर परत न जाता हा बदल मागता येतो. सगळं ई-एफआरआरओ या परदेशी लोकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर. २०१८ च्या आधी यासाठी प्रत्यक्ष खेटे घालावे लागत. आता बोलावलं तरच जायचं.

पोर्टलवर मी जिल्हा सोलापूर निवडला आणि पुढं कुठलं कार्यालय, तिथं घाईत 'ग्रामीण'वर टिचकी मारली. आमचं घर शहरात, म्हणजे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत. ग्रामीणचे अधीक्षक वेगळे. सोलापुरात जन्म गेला आणि आपण शहरात राहतो की ग्रामीणमध्ये हे कुणाला विचारलं नव्हतं, विचारायची वेळच आली नव्हती. अर्ज पाच दिवस भलत्या टेबलावर. मग शहाणपण आलं, मागे घेतला, पुन्हा भरला. कॅलेंडरवर आणखी पाच लाल खुणा गेल्या.

तीन दिवसांनी ईमेल. दोन शंका. पहिली, नाव तिन्हीकडं वेगळं. दुसरी, राहत्या जागेचा पुरावा अर्जदाराच्या किंवा पतीच्या नावे नाही.

पहिल्यावर औषध होतं प्रतिज्ञापत्र. कोर्टाच्या बाहेर टायपिस्ट बसतात. त्यातल्या एकाला मी प्रकरण सांगितलं तर त्यानं मान वर न करता विचारलं, "म्हणजे तिन्ही एकच बाई का?" "हो." "मग झालं की." १०० रुपयांचा स्टँप पेपर, त्यावर 'वरील तिन्ही नावांची व्यक्ती एक आणि तीच असून' अशी ओळ, खाली नोटरीचा लाल शिक्का. तो शिक्का बायकोच्या नावाच्या बरोबर मध्यावर बसला, नेमका रेयेसवर. पुन्हा करायला लावलं. शाई वाळेपर्यंत टायपिस्टनं कागदावर फुंकर मारली, शेजाऱ्याच्या टेबलावरचा पंखा आपल्याकडं वळवला, आणि म्हणाला, "आमच्याकडं आडनावाच्या एका काना-मात्रेसाठी रोज दहा येतात, तुमचं तर इंटरनॅशनल आहे."

दुसऱ्या शंकेला आजोबा. आजोबांचा मृत्यूचा दाखला, वडिलांचा मृत्यूचा दाखला, आईचं, दादाचं आणि माझं वारस म्हणून नाव, आणि आईचं हमीपत्र, की ही मुलगी माझ्या घरात माझ्या परवानगीनं राहते. आईनं सही करताना विचारलं, "सुनेला घरात ठेवायला परवानगी कुणाची घ्यायलाव आपण?" मी म्हटलं, "तुझीच." "मग मला विचार की, सरकारला कशाला?"

आणि मग पोलीस आले.

एक्स-२ देण्याआधी हे लग्न खरं आहे का, दोघं एकत्र राहतात का, याचा स्थानिक अहवाल लागतो. कागदासाठी लग्न करणारे असतात, त्यामुळं त्यात चूक काही नाही. संध्याकाळची वेळ. दोघं आले, एक वयस्कर हवालदार, एक तरुण. बूट बाहेर काढले. हवालदारांनी पाणी घेतलं, चहा नको म्हटलं, मग घेतला. स्वयंपाकघरातून उखळीचा आवाज येत होता. ही शेंगा कुटत होती. सोलापूरची शेंगा चटणी मिक्सरमध्ये केली की तिला तेल सुटत नाही असा आईचा कायदा आहे. हिच्या घरी करे-करे नावाच्या कालवणात दाणे वाटून घालतात, त्यामुळं दाणा तिच्या ओळखीचा होता. घरातल्या बाकी सगळ्या गोष्टी परक्या असताना उखळीशी तिचं आधी जमलं.

तरुणानं कागद काढला. प्रश्न इंग्रजीतून छापलेले होते. त्यानं वाचून बघितलं, हवालदारांकडं बघितलं. हवालदारांनी चष्मा वर केला आणि आईला विचारलं, "आजी, सून नांदते का?"

इंग्रजीत तिथं चार शब्दांची ओळ होती. मराठीत एक शब्द. नांदणं म्हणजे नुसतं एका छताखाली झोपणं नाही, त्यात भांडण येतं, उखळ येतं, रुसून माहेरी न जाणं येतं. इलोइलो तर रुसून जायच्या अंतरावरच नाही.

आई म्हणाली, "नांदत नसती तर हे आत कोण कुटायलंय?"

हवालदार हसले. तरीही नियम तो नियम. हिला बाहेर बोलावलं. हातात मुसळ तशीच. नाव काय, लग्न कधी झालं, कुठं झालं. हिनं मराठीत सांगायला घेतलं, "माझे नाव..." आणि पूर्ण नाव म्हटलं, रेयेससकट. तरुणानं लिहिताना विचारलं, "हे मधलं काय?" मी तोंड उघडणार इतक्यात ही म्हणाली, "माझी आई." त्यानं लिहून घेतलं. एवढं सोपं होतं ते.

शेजारच्या दोघांचे जबाब घेतले. मावशींना विचारलं, ही इथंच राहते का. मावशी म्हणाल्या, "रोज दिसते बाबा, गच्चीवर कपडे वाळत घालते, आमच्याच दोरीवर घालते." आणि जाता जाता मला म्हणाल्या, "घाबरू नको. माझी सून सिरसिल्ल्याहून आणली तेव्हा तिला पण एक शब्द मराठी येत नव्हता. तिचा कुणी जबाब घेतला नाही, एवढाच फरक."

त्या दिवसांत झेरॉक्ससाठी भैय्या चौकात खूप फेऱ्या झाल्या. तिथं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, त्यांच्या जन्मघरात. एकदा लाईट गेली, झेरॉक्स थांबली, म्हणून हिला आत घेऊन गेलो. १९३८ साली चीनला गेलेले डॉक्टर, १९४१ मध्ये तिथल्याच नर्स ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न, १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा, डिसेंबरात मृत्यू, वय बत्तीस. सोलापूरची चिनी सून आधी होऊन गेली आहे, हे हिला कुणी सांगितलं नव्हतं. ती फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. लाईट आली. मी म्हटलं चल. ती म्हणाली, "त्यांना नोटीस लागली होती का, तीस दिवस?"

फेब्रुवारीच्या शेवटी मंजुरीचा ईमेल आला, सोबत पीडीएफ. मी प्रिंट काढून देवासमोर ठेवली, आईनं कुंकू लावलं, आता त्या कागदावर लाल डाग आहे आणि तो कुठल्याही कार्यालयात दाखवायला काढत नाही, दुसरी प्रिंट नेतो. तीन आठवड्यांनी लॉकडाऊन लागलं.

एक्स-२ वर राहता येतं, नोकरी करता येत नाही. हिला हे जड गेलं. पंधराव्या वर्षापासून कमावणारी बाई. पुढच्या वर्षी मुलगा झाला. एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसला की इथं जन्मलेलं मूल भारतीय नागरिक, त्यामुळं त्याचं काही अडलं नाही. त्याच्या मधे माझं नाव. जन्मदाखल्यात आईच्या नावाचा रकाना वेगळा असतो, तिथं मी तीनदा तपासून पूर्ण नाव लिहिलं.

पुढची पायरी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी पासपोर्ट ठेवूनही इथं कायम राहायची आणि नोकरी करायची मुभा. त्यासाठी लग्न नोंदल्याला सलग दोन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. २०२२ च्या जानेवारीत झाली. अर्ज ऑनलाईन, इथून भरला तर फी १५,००० रुपये. फोटोची मात्र गंमत. पार्श्वभूमी फिकट रंगाची हवी, पण पांढरी नको. आमच्या फोटोग्राफरला हे पटेना. "सरकारी म्हटल्यावर पांढराच लागतो, तीस वर्षं काढतोय मी." शेवटी वहिनीची फिकट निळी चादर मागं धरली. सोलापुरी चादर असती तर नक्षी आली असती.

कागद तपासायला मुंबईला जावं लागलं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालो, सकाळी सीएसएमटी. एफआरआरओचं कार्यालय तिथून चालत, झेवियर्स कॉलेजच्या मागं. मूल दादाकडं ठेवलं होतं, तर ही प्रत्येक अर्ध्या तासाला व्हिडिओ कॉल. मूळ कागदांची फाईल मी वर्गवारी करून नेली होती, खुणेच्या चिठ्ठ्या लावून. समोरच्या बाईंनी अपॉस्टिल उचललं, थांबल्या, नाकाजवळ नेलं. "आंबा?" मी म्हटलं, "हो." त्यांनी पुढं काही विचारलं नाही. प्रतिज्ञापत्र वाचलं, 'एक आणि तीच' वर बोट ठेवलं, हिच्याकडं एकदा बघितलं, टिकमार्क केला. नंतर सोलापुरात पुन्हा पोलीस चौकशी झाली. हवालदार बदलले होते, प्रश्न तोच.

कार्ड आलं तेव्हा दादानं वाचलं, यात मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मोहोळजवळ आमची तीन एकर आहे, तीवरून आत्याबाईंनी आधीच कुजबुज केली होती, की परदेशी सून जमीन घशात घालणार. दादानं कार्ड त्यांच्यापुढं धरलं. आत्याबाई म्हणाल्या, "मला कुठं इंग्रजी येतं?"

ही आता होटगी रोडवरच्या एका शोरूमला काउंटर सांभाळते. आमचं घर अजून आजोबांच्याच नावावर आहे. वारसनोंद करू करू म्हणतोय.

गेल्या वर्षी हिची आई आली, हैदराबादला उतरून. रात्री साडेदहाला दारात. मी चपला काढायच्या आधी लॅपटॉप उघडला, कारण चोवीस तासांचं घड्याळ मला आता झोपेतही ऐकू येतं. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने चार कायदे जाऊन परकीयांसाठी एकच नवा कायदा आलाय, पण घरी उतरलेल्या पाहुण्याची खबर यजमानानं द्यायची, हे तेव्हाही होतं आणि आताही आहे.

नाव, राष्ट्रीयत्व, मधलं नाव. त्यांच्यात लग्न झालं की बाईचं माहेरचं आडनाव मधे सरकतं. मी पासपोर्ट उजेडात धरला. रेयेस. ज्या नावानं तीन महिने माझा जीव खाल्ला, त्याची मूळ मालकीण समोर पाटावर बसली होती आणि माझी आई तिला कडक भाकरी कशी मोडायची ते हातानं दाखवत होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मी विचारलं, "आई, यजमानाशी नातं काय लिहू?"

"विहीण लिही," आई म्हणाली. यादीत विहीण नव्हती.